आईच्या पंच्याहत्तरीला यमकातली कविता लिहायची आहे, मदत हवी

टाचणी
आईची पंच्याहत्तरी पुढच्या महिन्यात मिरजेला आहे. घरचाच कार्यक्रम, पण मामा-मावश्या, शेजारपाजार आणि तिची जुनी गिऱ्हाइकं धरून साठ-सत्तर माणसं सहज होतील. मी एक कविता वाचावी असं भावंडांनी परस्पर ठरवून टाकलंय. कॉलेजच्या भित्तिपत्रकानंतर मी एक ओळही लिहिलेली नाही. यमक मात्र हवंच, कारण यमक नसलं की आई म्हणते, "हे तर नुसतं बोलणं झालं."

काल रात्री हे झालं:

आई तू ममतेची मूर्ती,
तुझी जगामध्ये कीर्ती,
तूच माझी खरी स्फूर्ती,
तुझ्यावाचून नाही पूर्ती.

यमक जुळलंय, तरी वाचताना मलाच कसंतरी होतंय. काय करू?

चहाबाज
छान आहे. माझ्या सासूबाईंनाही चालेल, समोरच्या बंगल्यातल्या काकूंनाही चालेल आणि पुढच्या वर्षी निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या ताईंच्या फ्लेक्सवरही चालेल. अडचण तीच आहे.

केवडा
चहाबाज, हसायला आलं, पण ती बिचारी घाबरेल.
टाचणी, कविता जरा बाजूला ठेव. आई काय करायची ते सांग. गिऱ्हाइकं म्हणालीस, म्हणजे दुकान होतं का?

टाचणी
दुकान नाही, घरीच शिवणकाम. खिडकीशी पायाचं मशीन. ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, नंतर फॉल-पिको. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे आम्ही काही विचारलं की उत्तर फक्त "हं". मापांची एक वही होती. दिवाळीच्या आधी रात्री उशिरापर्यंत मशीन चालायचं. सगळ्यांचे कपडे वेळेत द्यायची आणि तिचा स्वतःचा ब्लाउज पाडव्यापर्यंत कापलेलाही नसायचा. विचारलं तर म्हणायची, "मला काय घाई आहे?" आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नेढ्यात दोरा ओवता येत नाही, पण मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला अजून चालत नाही.

चहाबाज
अहो मग कविता तर इथेच लिहून झालीय. आयडीसुद्धा टाचणी!

लघुगुरू
तुमच्या पहिल्या चार ओळींत मूर्ती, कीर्ती, स्फूर्ती, पूर्ती असं ओळीनं आलं, कारण हे शब्द एकमेकांना चिकटूनच फिरतात. 'मूर्ती' लिहिलं की हात आपोआप 'कीर्ती'कडे जातो. यमक आधी शोधलंत आणि अर्थ त्याच्यामागून ओढत आणलात. आता उलट करा. आईच्या कामातले शब्द कागदावर उतरवा आणि प्रत्येकाला काय जुळतं ते पाहा. कात्रीला रात्री, खात्री. रीळला पीळ, शीळ. बाहीला काही, नाही. काजला लाज, आज. शिलाईला घाई. दोऱ्याला तोरा, कोरा. माझं म्हणणं, निम्मी कविता या यादीतच सापडेल.

दुसरी अडचण मराठीची आहे. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे साधं बोलत लिहिलं की प्रत्येक ओळ 'होती', 'केली', 'गेली', 'आहे' यांवर संपते आणि 'केली-गेली' हे यमक म्हणून खपवलं जातं. कानाला ते फिकं लागतं, कारण जुळलेला असतो फक्त प्रत्यय. क्रियापद उचलून ओळीच्या मध्ये टाका आणि शेवटी नाम येऊ द्या. 'ती रात्री कात्री चालवत होती' यापेक्षा 'रात्री चाले तिची कात्री'. एवढ्या उलथापालथीवर मराठी माणूस काही म्हणत नाही, ओव्या-अभंग ऐकून कान तयार असतात.

गझल लिहिणार असाल तर काफिया, रदीफ, अलामत असं आणखी काटेकोर गणित आहे. सुरेश भटांनी त्याची बाराखडी नवोदितांसाठी लिहून ठेवली आहे. पण पंच्याहत्तरीला गझल नको, असं माझं मत.

टाचणी
खूप धन्यवाद! यादीची युक्ती आवडली. पण वृत्त कुठलं घेऊ? आईला मनाचे श्लोक पाठ आहेत, त्या चालीत लिहू का?

लघुगुरू
ते भुजंगप्रयात. ओळीत बारा अक्षरं, लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) चार वेळा. लिहून बघा हवं तर. मी एक ओळ करून पाहिली:

तुझ्या टाचण्यांनी जगा टाचले तू

वृत्तात बसते. ('तुझ्या'मधला तु जोडाक्षराआधी असला तरी त्यावर आघात येत नाही, म्हणून तो लघुच राहतो.) पण ऐका कशी वाटते. समर्थांच्या २०५ श्लोकांचं वजन त्या चालीत आहे. त्यात काहीही घातलं तरी आता उपदेश येणार असं वाटतं. आईला उपदेश करायचा नाहीये ना?

चहाबाज
"जगा टाचले तू" हे मी माझ्या बॉसला पाठवतोय.

जोंधळा
ओवी घ्या की. आमची आय आन आज्जी जात्यावर म्हणायच्या. दोन ओळी, शेवटाला जुळनी, मधी 'बाई' नायतर 'गं' घालून लांबवायचं. अक्षरं कुनी मोजत नव्हतं, जात्याचा फेरा मोजायचा. आन बगा, आईवरच्या ओव्या सासुरवाशिनीनंच म्हनलेल्या जास्त. माहेर आठवलं की आय आठवायची. हेमा राईरकर आन गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. त्यातल्या लय ओव्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर बायांच्या आवाजात ऐकाय मिळत्यात. ताई, एक तास काढून ऐका. मंग लिवा.

टाचणी
जोंधळा, काल रात्री ऐकायला बसले आणि झोपायला खूप उशीर झाला. पण जात्याचा फेरा माझ्या हातात नाही, त्यामुळे ओळी कुठे संपवायच्या तेच कळेना. मोजता येईल असं काहीतरी हवंय.

लघुगुरू
मग अष्टाक्षरी. ओवीच्या जवळचीच आहे आणि मोजायला सगळ्यांत सोपी. ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक. लघु-गुरू बघायचं नाही. जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर, 'ल्ली' एक, 'त्र' एक. बहिणाबाई चौधरींची पुष्कळ कविता याच मापाची आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोट्यावर, शेतात गाणं सुचायचं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यातलं काही उतरवून ठेवलं आणि १९५१ साली त्या गेल्यावर १९५२ मध्ये ते छापून आलं. न शिकलेल्या बाईच्या तोंडी सहज बसणारं माप आहे, तुमच्याही बसेल.

एकच सांभाळा. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ खातो. 'गल्लीभर' बोलताना तीन ठोक्यांत संपतं, पण अष्टाक्षरीत ती चार अक्षरं आहेत: ग, ल्ली, भ, र. गद्यासारखं वाचलंत तर ओळ आखूड वाटेल. वाचताना ओवीसारखं थोडं लांबवायचं.

मुक्तछंदी
मी वेगळा सूर लावतो. ही आठ बोटं मोजण्याची कसरत कशासाठी? टाचणीताईंनी वर प्रतिसादात आईबद्दल जे लिहिलंय, ओठांत टाचण्या आणि उत्तर फक्त 'हं', ते जसंच्या तसं वाचलं तर सभागृह रडेल. यमक आलं की 'हं'ची जागा भलताच शब्द घेणार. यमकासाठी खरं वाक्य मोडायचं हा सौदा मला पटत नाही.

केवडा
मुक्तछंदी, तुमचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. पण ऐकणारी आई आहे. माझ्या आईला शाळेतल्या कविता सत्तरीत घडाघडा म्हणता यायच्या, कारण त्या यमकात होत्या. मी तिला वाचून दाखवलेला एक सुंदर मुक्तछंद तिला आवडला होता, पण दुसऱ्या दिवशी त्यातली एक ओळ तिला सांगता आली नाही. टाचणीच्या आईला ही कविता दुपारी शेजारणीला म्हणून दाखवता आली पाहिजे.

मुक्तछंदी
पाठांतर हा निकष असेल तर माझा पास. पण खरं वाक्य मोडू नका, एवढं तरी मान्य करा.

केवडा
ते मान्य. यमकासाठी खोटं लिहायचं नाही.
आणि टाचणी, एक गोष्ट तुला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. कष्टांची यादी वाचू नकोस. आमच्याकडे आईच्या साठीला भावानं अशीच कविता केली होती. आईनं किती खस्ता खाल्ल्या, उपाशी कशी राहिली, फाटकं कसं नेसली. लोकांनी डोळे पुसले. पण समोर बाबा बसले होते. त्या प्रत्येक ओळीत त्यांनी काय केलं नाही ते ऐकू येत होतं, आणि आईचं सगळं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे. तिला ती कविता घरात परत वाचलेली कधी आवडली नाही. तुझी आई कारागीर आहे. तिचा हात कसा चालायचा ते लिही. कष्ट त्यातून दिसायचे तेवढे दिसतील.

जोंधळा
लाख बोललात केवडाताई.

टाचणी
केवडा, हे वाचून मी दोन कडवी सरळ काढून टाकली. (हो, त्यात 'पोटाला चिमटा' होता.)

एक शंका. 'तू' म्हणून लिहू की 'ती' म्हणून? मी घरी आईला अगं-तूगंच करते.

सातासमुद्रापार
यात माझा अनुभव आहे. मी स्टुटगार्टला असते, आई नाशिकला. तिच्या सत्तरीला व्हिडिओ कॉलवर कविता वाचली, सगळी 'तू'मध्ये. आई पहिल्या ओळीपासून "पुरे गं, काय हे" म्हणत पदर तोंडाला लावून बसली आणि तिनं धड ऐकलंच नाही. चारचौघांत कोणी तोंडावर स्तुती केली की त्या पिढीच्या बायका लाजून चूर होतात. नंतर मुलांनी आजीवर एक छोटी कविता केली, 'आमची आजी अशी करते' वगैरे. ती तिनं मस्त हसत ऐकली, मध्ये दुरुस्त्याही केल्या! 'ती' लिही. सगळे मिळून तिच्याबद्दल बोलतोय आणि ती कोपऱ्यातून ऐकतेय, असं होऊ दे.

माझ्या मुलांना देवनागरी अडखळत वाचता येतं. त्यांनाही अष्टाक्षरीच जमली, बोटांवर मोजत बसायची दोघं.

टाचणी
'ती' तर 'ती'. हे घ्या, पहिलं कडवं:

खिडकीशी मशीन ते,
पायाखाली त्याचा ठेका.
तोंडामध्ये टाचण्या नि
डोळ्यांनीच म्हणे, "ऐका."

लघुगुरू
अक्षरं चोख आहेत. 'ठेका' आणि 'ऐका' मात्र मी पास करणार नाही. ए आणि ऐ वेगळे स्वर आहेत.

चहाबाज
आमच्या मिरज-सांगलीकडे 'ऐका'ला कोण 'अइका' म्हणतंय मास्तर, 'एका'च म्हणतात. पास करा.

लघुगुरू
मग तसं लिहा. लिहिताना एक आणि म्हणताना एक, असं नको.

मांडवी
मध्येच तोंड घालते, पणजीहून. यमक बाजूला ठेवू, पण ती आई डोळ्यांनी "ऐका" म्हणत नव्हती ना? टाचणीनंच लिहिलंय की उत्तर फक्त 'हं' असायचं. मग लहान मुलीच्या बाजूनं घ्या की. तिच्या तोंडात टाचण्या आहेत म्हणून मी काही विचारायचंच नाही का?

टाचणी
मांडवी, थांबा थांबा, जमलं!

खिडकीशी मशीन ते,
पायाखाली त्याचा ठेका.
तोंडामध्ये टाचण्या, मी
काही विचारू नये का?

चहाबाज
ठेका / नये का. शिट्टी!

लघुगुरू
उत्तम. दोन शब्दांत फोडलेलं यमक नेहमी ताजं वाटतं, कारण ऐकणाऱ्याला ते येताना दिसत नाही. आणि मुक्तछंदींनी बघावं, इथे वाक्य मोडलेलं नाही. यमक शोधता शोधता आधीच्यापेक्षा खरं वाक्य सापडलं.

मुक्तछंदी
एका कडव्यापुरतं मान्य. :)

आळशी_पोपट
वाचतोय. मीही माझ्या आईसाठी अभंगाच्या चालीत प्रयत्न करतोय. सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, बरोबर ना? आई चाळीसगावला डबे करायची.

पहाटे चारला
पेटायची चूल
तेव्हाची चाहूल
झोपेमध्ये

लघुगुरू
माप बरोबर आहे. 'पेटायची चूल' सहा, 'तेव्हाची चाहूल' सहा, 'झोपेमध्ये' चार. मोठा अभंग असाच असतो. पण "झोपेमध्ये" वर सोडलंत, पुढचा चरण कुठे आहे?

आळशी_पोपट
आयडी बघा ना माझा.

टाचणी
आज सुट्टी होती, बसून पुढची कडवी केली. यादीतलं कात्री-रात्री वापरलंय. आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळचे लाइट जायचे तेव्हाची गोष्ट आहे.

लाइट गेलेल्या रात्री
चाले अंदाजाने कात्री.
वही मिटून ठेवली,
बोटांना मापाची खात्री.

दिवाळीला गल्लीभर
तिच्या हातची शिलाई.
तिचा ब्लाउज तेवढा,
म्हणे, "काय आहे घाई?"

उंची वाढली तरीही
फ्रॉक जाऊ नये वाया,
म्हणून ती सोडायची
आत बोटभर माया.

केवडा
"आत बोटभर माया." मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

जोंधळा
आमच्या आयनंबी हेच केलंय. माया म्हंजी शिवनीत आत दुमडलेलं जादा कापड, दर साली उसवायचं आन खाली सोडायचं. जुन्या घडीची रेघ दिसायची फ्रॉकावर, पोरी चिडवायच्या बहिनीला.

लघुगुरू
एक शेरा. 'रात्री'च्या कडव्यात पहिली-दुसरी-चौथी ओळ जुळली आहे, बाकी कडव्यांत फक्त दुसरी-चौथी. एकसारखं करायचं असेल तर…

मांडवी
नका करू! तिथं लाइट गेलेत, थोडी गडबड शोभते. आमच्याकडे फुगडीच्या गाण्यांत, धालोंत (गोव्यातल्या बायकांची नाचगाणी) असं मध्येच एखादं जास्तीचं यमक येऊन पडतं, बायका तिथं जोरात म्हणतात.

लघुगुरू
बरं. पण 'वही मिटून ठेवली' हे चुकून 'मिटवून' वाचू नका, नऊ होतील.

मुक्तछंदी
दिवाळीचं कडवं सगळ्यांत चांगलं झालंय. तिच्या तोंडचं वाक्य आहे आणि जवळपास तसंच्या तसं आलंय. 'आई' हा शब्द अजून एकदाही लिहिलेला नाही, तो तसाच राहू द्या. पहिल्या मसुद्यात तोच सगळ्यांत आधी होता. माझी सूचना, इथेच थांबा. चार कडवी पुरे. पाचवं केलंत की त्यात 'तुझे ऋण फिटणार नाही' येणार, पैज लावतो.

टाचणी
ऋण येणार नाही, शब्द देते. पण आत्ताची आई कवितेत कुठेच नाही, ती फक्त जुन्या दिवसांतच राहिली. पंच्याहत्तरी तर आत्ताच्या आईची आहे. म्हणून हे एक:

नेढे दिसेना म्हणून
मी ओवून देते दोरा,
पण मशीनवरचा
अजूनही तोच तोरा.

चहाबाज
मुक्तछंदी, पैज हरलात. चहा तुमच्याकडून.

सातासमुद्रापार
मस्त! 'तोरा'ला सगळे हसतील आणि ती चिडल्यासारखं करेल. आता ऐकवताना घाई करू नकोस. प्रत्येक कडव्यानंतर थांब, कारण मावशी मध्ये बोलणारच: "अगं, तो निळा फ्रॉक आठवतो का?" बोलू दे तिला.

टाचणी
दादा म्हणतोय ही कविता फ्लेक्सवर छापू, मागे गुलाबाची फुलं आणि आईचा फोटो. मला नकोय, पण तो डिझाइन करून बसलाय.

चहाबाज
फ्लेक्स नको!! फ्लेक्सवाला 'बोटभर'चं 'पोटभर' करेल.

केवडा
मापांच्या वहीत एखादं पान कोरं असेल तर त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून दे. दादाला फ्लेक्सवर फोटो आणि 'अमृतमहोत्सव' लिहू दे, त्याचंही मन राहील.

टाचणी
वही आईच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. बघते, वहिनीला मध्ये घालते.

जोंधळा
आळशी पोपट, तुमच्या डब्याचं काय झालं?

आळशी_पोपट
दुसरा अभंग झालाय.

एकेका डब्याला
ओळखीची झाकणे
कुणाचे दुखणे
तिला ठाव

लघुगुरू
'ओळखीची झाकणे' मोजा बघू. ओ, ळ, खी, ची, झा, क, णे. सात.

आळशी_पोपट
'ओळखी झाकणे'?

लघुगुरू
अर्थ गेला. 'निराळे झाकण' घ्या, सहा होतात. पण मग यमक 'दुखण'शी जुळवावं लागेल.

चहाबाज
मास्तर, हा नवीन धागा काढा. हा टाचणीचा आहे.